ठमी जवळ आली की

लहानपणीचा व्हिडिओ गेम माळ्यावरून उतरवल्यापासून नवरा टीव्हीच्या पाठीमागेच राहायला गेला होता. चित्र धूसर येत होतं. त्यानं वायर बदलली, पिना घासल्या, समोरच्या खुर्चीवर आरसा टेकवला आणि त्यात पडदा बघत मागून खटपट चालवली.

भाजी ती चिरणार, कपडे ती वाळत घालणार आणि दीड वर्षाच्या ठमीमागेही तीच धावणार. तिचं डोकं तापलं होतं.

“सापडलं,” तो मागूनच म्हणाला. “ठमी टीव्हीजवळ आली की चित्र बिघडतं. तिला जरा लांब ने ना.”

“पोरगी म्हणजे काय तुझी सुटलेली वायर आहे?”

“एकदाच गं. बघू तरी.”

तिनं तणतणत ठमीला उचलून स्वयंपाकघरात नेलं. चित्र थोडं सुधारलं.

“अजून लांब.”

“बस मग त्या डबड्याशी संसार करत,” म्हणत ती दार आपटून जिन्यात गेली.

“वा, एकदम स्वच्छ,” आतून आवाज आला. मग जरा वेळानं, वैतागून, “अगं, परत कशाला आणलंस तिला? सगळं धूसर झालं.”

ठमी तिच्या कडेवर अंगठा चोखत होती.

“आम्ही बाहेर आहोत,” ती खेकसली. “ठमी माझ्याकडे आहे.”

तिनं दार ढकललं. आपटताना लॅच बसलं होतं आणि किल्ली आत होती.

आत तो हसला, लेकीशी बोलताना हसतो तसा.

“मांडीवर नको गं चढूस, ठमे. आई ओरडेल.”