मिनेसोटाचा कोट

बर्फाळ मिनेसोटाच्या लॉ कॉलेजनं निम्मी फी माफ केली, तशी नोएलीनं जाडजूड कोट आणला. “लेबल काढू नकोस, परत करता येईल,” आई भेंडी चिरताना म्हणाली. “आधी आपल्या लुइझियानातल्या कॉलेजकडे तेवढी सूट माग. मागायला काय जातंय?” दूर जायला पैशाचंच कारण पुढे केल्यामुळे नोएलीला तिकडचं फीमाफीचं पत्र इथल्या कॉलेजला पाठवावंच लागलं. इथल्या प्रवेशप्रमुख बाईंचा फोन आला. आईनं तो स्पीकरवर टाकला. “तिकडच्याइतकीच सूट आम्हीही देऊ.” “वर्गात वरचा नंबर राखायची अट असेल ना?” नोएलीनं आशेनं विचारलं. “मुळीच नाही.” “नीट बघा ना, असेल एखादी.” “अगं, बाकीची मुलं अटी काढायला सांगतात.” आईनं लेकीकडे पाहिलं आणि कात्रीनं कोटाचं लेबल कापून टाकलं. “उशीर झाला, मॅडम,” फोनकडे वाकून म्हणाली, “कोट आता परत घेणार नाहीत.”