सामान भरलेलं घर

सोफा दारात अडकला होता. अर्धा आत, अर्धा जिन्यात. हमाल म्हणत होते, दार लहान आहे. दलाल म्हणत होता, तुमची अक्कल लहान आहे. घराचा मालक आतल्या बाजूला कोंडला गेला होता आणि सोफ्याच्या पाठीवरून दोघांचं भांडण बघत होता.

"हा पसारा कशाला?" तो म्हणाला. "मला घर विकायचंय, सोफा नाही."

"काका, रिकामं घर भकास दिसतं. चौदा गिऱ्हाइकं आली आणि पाठ फिरवून गेली. पलंग कुठे बसेल, टेबल कुठे मावेल, काही कळत नाही लोकांना. सामान भाड्याचं आहे. घर विकलं की परत जाईल."

मालकाला सगळी गल्ली भोंगा म्हणायची. त्याने बस स्टँडवर बत्तीस वर्षं गाड्या पुकारल्या होत्या. आवाज असा, की माइक बिघडला तर कुणाला पत्ताही लागायचा नाही. एकदा तो शिंकला आणि दोन गाड्या वेळेआधी सुटल्या, असं जुने ड्रायव्हर अजून शपथेवर सांगतात. पण बत्तीस वर्षांत त्याच्या पुकारण्याला एकाही माणसाने उलट उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायला घरी बायको होती. ती दोन वर्षांपूर्वी गेली.

आता वृद्धाश्रमात त्याच्यासाठी एक खोली राखून ठेवली होती. महिनाअखेरपर्यंत घर विकलं नाही, तर ती दुसऱ्याला जाणार होती. तिथे एकच ट्रंक चालणार होती. म्हणून त्याने घरातलं सगळं वाटून टाकलं. एक गादी आणि एक पातेलं तेवढं ठेवलं.

घर रिकामं झालं त्याच संध्याकाळी त्याला घराचा आवाज सापडला. बायको रोज विचारायची ते वाक्य त्याने सहज मोठ्यांदा म्हणून बघितलं. "जेवण झालं का?"

"जेवण झालं का?" हॉलने विचारलं. "झालं का?" स्वयंपाकघराने विचारलं. "का?" बाथरूमनेसुद्धा चौकशी केली.

घर उत्तर कधीच देत नसे. नुसतं विचारायचं. पण भोंग्याला तेवढं पुरत होतं. कुणीतरी विचारलं, म्हणून दोन घास जास्त जायचे.

शेवटी दार बिजागऱ्यांतून काढलं आणि सोफा आत आला. मागोमाग गालिचा आला, जाड पडदे आले, सहा खुर्च्यांचं टेबल आलं, टेबलावर प्लॅस्टिकची फळं आली. दलालाने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाला, "आता कसं, माणसांचं घर वाटतंय."

माणसांच्या त्या घरात संध्याकाळी भोंग्याने विचारलं, "जेवण झालं का?"

सोफ्याने प्रश्न गिळला. पडद्यांनी उरलासुरला टिपून घेतला. सहा खुर्च्यांपैकी एकीनेही तोंड उघडलं नाही. भोंग्याने पातेल्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक येणार होतं. दलालाचा एक नियम होता. मालक समोर दिसला की घर जुनं वाटतं. त्याने भोंग्याला हॉललगतच्या अडगळीच्या खोलीत बसवलं आणि पडदा ओढला. "खोकायचं नाही, काका. शिंकायचं तर मुळीच नाही."

एक बाई आल्या. एकट्याच. दातांच्या दवाखान्यात नर्स होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. त्यांनी पर्स खुर्चीवर ठेवली, सगळ्या खोल्या बघितल्या, आणि पर्स परत उचलली.

"फार भरलेलं आहे हो."

"बाई, उद्या सगळं काढतो! सामान घराचं नाहीच."

"मी सध्या भाड्याने राहते तिथे मुद्दाम काही ठेवलेलं नाही. बोललं की घर बोलतं. हसू नका. चाळीस वर्षं मी तोंड वासलेल्या माणसांशी बोलत आले. एकालाही धड उत्तर देता आलं नाही. आता निदान भिंती तरी बोलतात. आणि ते घर सोडावं लागतंय."

"इथेही घुमतं ना! रिकामं असताना काय घुमायचं!"

"दाखवा."

बाईंनी स्वतःच हाक मारली, "हॅलो!"

गालिच्याने ती हाक जागच्या जागी मुरवली. बाईंनी पर्सची चेन लावली आणि दाराकडे वळल्या.

"हॅलो... लो... लो..."

बाई थबकल्या. दलालही थबकला.

"कोण आहे?" त्या म्हणाल्या.

"कोण आहे... आहे... हे..." बत्तीस वर्षांची कमाई होती ती. शेवटचा आवाज तर थेट बाथरूममधून आल्यासारखा वाटला.

"बघा!" दलाल घाम पुसत म्हणाला. "एवढं सामान असून! काढल्यावर तर विचारूच नका."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या अडगळीच्या खोलीच्या पडद्याकडे बघत होत्या. पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. खाली दोन म्हातारी पावलं दिसत होती, अनवाणी, एकमेकांना चिकटून उभी.

त्यांनी पर्स परत खुर्चीवर ठेवली. मग आपल्या रिकाम्या घराला रोज विचारायच्या तसंच, पण हळू आवाजात विचारलं, "जेवण झालं का?"

पडद्याखालची पावलं जराशी हलली. मग आवाज आला. एकदाच आला, अजिबात न घुमता.

"नाही अजून."