सामानात दिलेले पाय

सामानाचा पट्टा फिरून फिरून थांबला, तरी कुमुदिनीबाईंचे पाय आले नाहीत. विमानात चढताना सगळ्यांसारखे त्यांनीही ते गुडघ्यापासून काढून सामानात दिले होते.

"तुमचे पाय चुकून कोचीला गेलेत, आजी. उद्या मिळतील," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

"पाय काढले की तिकीट निम्मं, असं म्हणाला होतात. आता बिनपायांच्या तिकिटाचेच पूर्ण पैसे घेता, आणि पाय ठेवायचे तर दुप्पट!"

"सगळीकडे तेच आहे, आजी."

चाकांची खुर्ची बाहेर आली. मुलगा नव्या नवरीला घेऊन उभा होता. सासू-सून आज पहिल्यांदाच भेटत होत्या. पदर सावरत सून नमस्काराला वाकली आणि तिचे हात हवेतच थांबले.

कुमुदिनीबाईंनी मांडीवरची शाल घाईघाईने खाली ओढली.