बसलिंगप्पांची दहा मिनिटं

कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा बसलिंगप्पांचा चहा अजून बशीतही ओतून झाला नव्हता. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा सेकंद!

"लई फास्ट झालं की गं," ते सुनेला म्हणाले आणि मुकाट्याने कालची बिलं बघायला लागले.

चंद्रिकाला वाटलं होतं, सासरे नुसते नाचायचे बाकी राहतील. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या टॉवेल-चादरीच्या दुकानातला कॉम्प्युटर म्हणजे साक्षात कुंभकर्ण. बटण दाबल्यावर उठायला दहा मिनिटं घ्यायचा. शेवटी तिनंच काल स्क्रू खोलून जुनी हार्ड डिस्क काढली, एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने टाकलं. पासवर्ड मात्र मामांचा, म्हणजे सासऱ्यांचाच ठेवला, त्यांच्या लग्नाचं साल. ते विसरायची सोयच नव्हती.

पण आपण काय करून बसलो ते तिला दुसऱ्या दिवशी कळलं. वर घरात बसलिंगप्पा म्हणजे मौनीबाबा. जेवताना बोलायचं नाही, सुनेशी तर त्याहून नाही. फक्त सकाळी साडेनऊला दुकानात उदबत्ती लावून बटण दाबलं की कॉम्प्युटर उठेपर्यंत चहा आणि गप्पा. नव्या नवरीला माहेरची आठवण यायची ती त्या दहा मिनिटांत पळायची. तीच दहा मिनिटं तिनं आपल्या हाताने खोलून बाहेर काढली होती. तिला फार वाईट वाटलं.

पाचव्या दिवशी खालून हाक आली.

"चंद्रिका, पासवर्ड घेईना झालाय बघ!"

दहा वेळा चुकल्यामुळे कॉम्प्युटरने दहा मिनिटांचं कुलूप घातलं होतं. करता काय? ती चादरींच्या गठ्ठ्यावर बसली. मामांनी मग मंद्रूपच्या बाजारात त्यांच्या चादरींवर बैल बसला होता ती हकिकत सांगितली. त्याला उठवायला अख्खा बाजार गोळा झाला होता. चंद्रिका इतकी हसली की चहा सांडला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. तिसऱ्या दिवशीही. आठवडा झाला तशी ती काळजीत पडली. तिचे आजोबा असेच आधी चष्मा विसरायला लागले, मग घराचा रस्ता, आणि शेवटी तिचं नाव. तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. गुरुशांतने शनिवारी संध्याकाळी पाचचा डॉक्टरांचा नंबर लावला. "वडिलांना तूच सांग बाई, माझं काय ऐकायचे नाहीत," असं म्हणून तो मोकळा झाला.

शनिवारी ती धीर करून नेहमीपेक्षा लवकर खाली उतरली आणि जिन्यातच थबकली.

कॉम्प्युटर चालू होता. सासऱ्यांची बिलं तपासून झाली होती. विजापूरच्या गिऱ्हाइकाला मेलही गेला होता. साडेनऊला पाच मिनिटं होती. बसलिंगप्पांनी वर काही हालचाल आहे का याचा कानोसा घेतला, दोन बटणं दाबून कॉम्प्युटर लॉक केला, चष्मा नीट बसवला आणि अगदी मन लावून चुकीचा पासवर्ड टाकायला सुरुवात केली.

"ओंदु... एरडु... मूरु..." ते कानडीत मोजत होते.

"हत्तु!" दहावा आकडा म्हणून ते समाधानाने मागे रेलले आणि जिन्याच्या दिशेने ओरडले, "चंद्रिका! चहा घेऊन ये गं पोरी, परत विसरलो बघ!"