पहिलं नाव

लेखकांच्या यादीत आपलं नाव सर्वांत वर आहे की नाही, एवढं पाहायला सर स्वतः उठून त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या थोरलीच्या टेबलापाशी आले. सर विभागप्रमुख; खोलीबाहेर पडत ते एक तर जेवायला, नाही तर अशा कामाला. शोधलेख आजच नियतकालिकाकडे रवाना व्हायचा होता.

"वरच आहे, सर," थोरली म्हणाली.

सरांनी खुर्ची ओढली. या प्रयोगशाळेतून जो लेख बाहेर जाईल त्यावर पहिलं नाव सरांचं, हा इथला रिवाज. लेख सरांनी वाचायचा नाही, हाही रिवाजच. त्यांना सवड कुठली? उंच ठोकळ्यावरून खाली उडी घ्यायची, पाय टेकताक्षणी पुन्हा उसळायचं, रोज, विश्रांती न घेता, ही त्यांची धावपटूंना तयार करायची पद्धत. तिचा टेंभा मिरवत ते वर्षभर शिबिरं घेत हिंडायचे.

लेख त्याच पद्धतीवर होता. 'ठोकळ्यावरील उड्यांचा टाचेच्या शिरेवर होणारा परिणाम', हे शीर्षक सरांनीच सांगितलेलं. परिणाम चांगलाच असणार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

नियतकालिकाची वेबसाइट आता विचारत होती, कोणी काय काम केलं. थोरलीने खरं तेच भरलं होतं. मोजमापं तिची, आकडेमोड संख्याशास्त्राच्या मॅडमची, लिखाण तिचं. सरांना ते रुचलं नाही. कल्पना माझी लिही, म्हणाले. आराखडाही माझाच. मग हनुवटी खाजवत जरा थांबले आणि म्हणाले, निष्कर्षसुद्धा माझेच लिही.

"निष्कर्षही तुमचेच, सर?"

"मग काय तुझे?"

तिने तसं लिहिलं. लिहिताना मान वर केली नाही. पोरीला वाईट वाटलं असणार, असं समजून सरांनी तिच्या खांद्यावर थोपटल्यासारखं केलं.

वाईट वाटायचं ते मागेच वाटून झालं होतं, धाकट्या बहिणीची टाचेची शीर तुटली तेव्हा. धाकटी सरांच्याच हाताखाली धावायची. दुखतंय म्हणाली तर सर म्हणाले, नखरे आहेत. शीर तुटल्यावर आईबाबांना समोर बसवून त्यांनी हात झटकले. पोरगी आळशी, सराव चुकवत असणार, त्याला मी काय करू? बाबांनी ऐकून सोडून दिलं. आईच्या मनात मात्र ते घर करून बसलं. अजूनही मध्येच कधी ती धाकटीला विचारायची, खरंच चुकवत होतीस का गं? सरांना यातलं काही आठवतही नव्हतं. आपल्या हाताखाली लेख लिहिणारी ही मुलगी त्या आळशी पोरीची बहीण आहे, हेदेखील नाही. थोरलीला सगळं आठवत होतं आणि त्यातलं काही तिने पोटात घातलं नव्हतं.

सरांचा फोन वाजला. नियतकालिकाचा मेल आला होता. प्रत्येक लेखकाने संमती कळवावी. सरांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन तिच्यापुढे धरला आणि कुठे दाबायचं ते विचारलं. तिने हिरव्या चौकोनावर बोट दाखवलं.

पुढे काही बोलायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. तरी बोलली. सांगितलं नाही असं उद्या कोणी म्हणायला नको, स्वतःचं मनसुद्धा.

"सर, पूर्ण लेख वाचून मगच दाबा, असं लिहिलंय त्यात."

"तू वाचलास ना?"

"पुष्कळदा."

"मग झालं तर." आणि त्यांनी दाबलं.

लेख गेला. जाता जाता सरांनी बजावलं की पत्रव्यवहार माझ्याच नावावर राहू दे, उद्या कोणी काही विचारलं तर उत्तर मी देईन. हो सर, तुम्हीच द्या, असं ती अगदी मनापासून म्हणाली. सर गेल्यावर तिला हसू फुटलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. आकडे मॅडमनी उलटसुलट तपासले होते. लेखात एक अक्षर खोटं नव्हतं. सूड म्हणून तिने एक शब्दही पदरचा घातला नव्हता, घालायची गरजच पडली नव्हती.

घरी आली तेव्हा धाकटी दुखरा पाय उशीवर ठेवून बसली होती. आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. चप्पल काढून थोरली तशीच दोघींच्या मध्ये बसली आणि पिशवीतून लेख काढून शेवटचं पान उघडलं. कान देऊन ऐका, म्हणाली.

"ज्या मुलींनी एकदाही सराव चुकवला नाही, त्यांनाच सर्वांत जास्त इजा झाली. दोष मुलींचा नाही, पद्धतीचा आहे. ही पद्धत ताबडतोब बंद करावी."

धाकटी टाचेवरून हात फिरवत राहिली. हे तू लिहिलंस ना, म्हणाली.

"निष्कर्ष सरांचे आहेत. त्यांनीच तसं लिहून घेतलंय. पहिलं नावही त्यांचंच."

आईच्या हातातला टॉवेल अर्धा दुमडलेला तसाच राहिला. तिने धाकटीकडे पाहिलं, मग पटकन नजर खाली वळवली.

"परत वाच," ती थोरलीला म्हणाली. "त्यांच्या नावापासून वाच."