धाकट्याने उचलायचं

हर्षल, तू आता मध्ये बोलू नको, फक्त ऐक. तुमच्या इकॉनॉमिक्सच्या सरांनी ते केकचं शिकवलं ना, एकाने कापायचा, दुसऱ्याने आधी उचलायचा, म्हणजे कापणारा लबाडी करत नाही? अरे, आमच्या सायखेड्यात वाटणी कायम तशीच होते. थोरल्याने वाटे पाडायचे, धाकट्याने उचलायचं.

तर दोन भाऊ. थोरला पुंजा, गावातच. द्राक्षबाग त्यानेच उभी केलेली. धाकटा किशोर नाशकात, सिडकोत फ्लॅट, प्लॉटिंगचा धंदा. कुणी चहा पाजला तरी याच्या डोक्यात, ह्याचं आपल्याकडे काय काम असेल? आणि आई, नवसाबाई. ती मागे एकदा किशोरकडे राहायला गेली होती. परत आली ती वेगळीच. ताटात भाकरी संपली की विचारायची, "अजून एक घेऊ का रे?" स्वतःच्या घरात!

पुंजाने तेव्हाच ठरवलं, काहीही गेलं तरी चालेल, आईला परत तिकडे धाडायचं नाही.

दोन हजार तीनचा उन्हाळा. दुष्काळ. शिवारातल्या कितीतरी विहिरी खाऱ्या झाल्या, लोकांनी बागा उपटल्या. पुंजाच्या विहिरीचं पाणी मात्र साखर. त्यातच किशोरने वाटणी मागितली. वर म्हणाला, "आईचंही आत्ताच ठरवा, नंतर कटकट नको."

पुंजाच्या ओट्यावर बैठक बसली. रावजी आबा पंच. पुंजाने वाटे सांगितले. एकीकडे नदीकाठचा सगळा मळा, विहीर, बाग. दुसरीकडे मुरमाड माळ, आणि आई.

आबा म्हणाले, "पुंजा, डोकं ठिकाणावर हे का? सगळं एकाच बाजूला?"

"मी वाटे पाडले. उचलायचं त्याला हे."

कळलं ना तुला? किशोर मळा सोडणार नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मग माळ उरतो पुंजाला, आणि माळाबरोबर आई. एवढंच हवं होतं त्याला.

तेवढ्यात आई तांब्या घेऊन बाहेर आली. "घे रे किशोर, उन्हाचा आलास. आपल्या विहिरीचं हे."

किशोरने एक घोट घेतला. थांबला. आईकडे बघितलं. आईने पदर सारखा केला, मान खाली. त्याने तांब्या तसाच खाली ठेवला.

"भावाच्या घरचं पाणीबी चालंना व्हय याला?" मागून कुणीतरी बोललं.

किशोर हसला. "दादा, लय मोठं मन तुझं. सगळं मला?"

"तुलाच."

"मग मी माळ घेतो."

पुंजा उठून उभाच राहिला. "अरे येड्या, चल, बाग बघ. विहिरीला पाणी बघ किती हे!"

"पाण्याचं कळलं मला. आबा, लिहून घ्या."

"किशोर, मी सांगतो ना, मळा घे!"

तो जेवढा घे घे म्हणत होता, तेवढी किशोरची खात्री पटत होती. शेवटी पुंजा आईकडे वळला. "आई, तू तरी बोल काहीतरी!"

आईचं बोचकं दाराआडच होतं. बांधलेलं. तिने ते उचललं, पुंजाच्या गालावरून हात फिरवला. "पंचांपुढं ठरलं बाबा. बागेला पाणी दे, ऊन तापलंय." आणि जाऊन किशोरच्या ओम्नीत मागे बसली.

माणसं पांगली. पुंजाच्या घशाला कोरड. त्याने किशोरचाच तांब्या उचलून तोंडाला लावला, आणि तिथेच थांबला.

तांब्यात हात घातला. तळाशी खडेमीठ. अजून विरघळायचं होतं.

ओट्यावरून गोदावरीचा पूल दिसतो. गुरं आडवी आलेली, ओम्नी पुलावरच उभी. सायकलवर गेला असता तरी गाठली असती. एवढंच सांगायचं होतं, विहीर गोड आहे रे. मळा गेला असता, आई आली असती.

पुंजाने तो घोट थुंकला नाही. गिळला.

हर्षल, तू काय केलं असतंस?