गोलकीपर बदला!

ड्रेसिंग रूमच्या दारावर बाहेरून थापा पडत होत्या. "मास्तर, गोलकीपर बदला! न्हाईतर बघून घेऊ!" ओरडणारे मास्तरांच्याच पेठेतले, त्यांच्याच फुटबॉल संघाचे समर्थक होते.

मागच्या सामन्यात गोलकीपर इंद्रजितच्या हातून चेंडू निसटला आणि त्याच संध्याकाळी त्याच्या घरावर दगड पडले. आज फायनल होती. भेदरलेल्या प्रशिक्षक सासनेमास्तरांनी यादीतलं त्याचं नाव खोडलं.

"माझा खेळ कमी पडला असंल तर बसतो, मास्तर," इंद्रजित म्हणाला. "पण ह्यांना भिऊन काढत असाल, तर उद्यापास्नं टीम हेच निवडणार."

मास्तरांनी नाव पुन्हा लिहिलं, त्याचा हात धरला आणि दार उघडलं.

"हाच खेळणार," मास्तर फाटक्या आवाजात म्हणाले.

गर्दी हलली नाही. दोघांनी पाऊल पुढं टाकलं, तेव्हा कुठं वाट मिळाली.